कानाला खडा

एखादी चूक अंगाशी आली की आपण म्हणतो, "आता कानाला खडा!" हे शब्द आम्ही आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही, परंतु खुद्द कानाच्याच बाबतीत ते उच्चारण्याची पाळी आमच्यावर वयाच्या पासष्टाव्या वर्षी आली. ही हकीकत सांगताना आम्हास थोडी लाज वाटते. तथापि आज खेड्यापाड्यांतील घराघरांत मोबाइल आहे, आणि मोबाइल आहे तेथे कानात घालावयाचे इअरफोनही आहेत. आमची फजिती वाचून चार घरांतले कान वाचले तर ती लाज कारणी लागली असे आम्ही समजू.

आमचे वास्तव्य हैदराबादेस, काचीगुड्याच्या बाजूला. आमचे वडील निजामाच्या अमदानीत रेल्वेच्या नोकरीसाठी गोदाकाठचे गाव सोडून येथे आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे वाटे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि आमचे गाव एका राज्यात व चूल दुसऱ्या राज्यात अशी स्थिती झाली. वडिलांनी नोकरी सोडली नाही. आमची थोरली बहीण, अक्का, मात्र आजीपाशी गावीच वाढली, तेथेच तिचे लग्न झाले, आणि आजही ती तेथेच आहे. काचीगुड्याहून संध्याकाळची गाडी धरावी आणि पहाटे मुलखात उतरावे, इतकेच काय ते अंतर. पण संसार आणि नोकरी यांनी ते अंतर वर्षानुवर्षे लांबवले. अलीकडे मात्र अक्काला नातवंडांनी मोबाइलवर आवाज भरून पाठवण्यास शिकवले आहे. रोज दिवेलागणीला तिचा एक निरोप येतो. त्यात बातमी अशी थोडीच असते. कोणाची गाय व्याली, कोणाच्या मुलीचे जमले, हरभरा निघाला की नाही, एवढेच. परंतु तो आवाज ऐकल्याशिवाय आमचा दिवस मावळत नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळू. लहानपणी सुटीत गावी गेलो की आम्ही दिवसभर डोहात डुंबत असू. एका वर्षी सर्दीपडशाच्या पाठोपाठ आमचा उजवा कान वाहू लागला. घरच्यांनी लसूण घालून तापवलेले कोमट तेल कानात सोडले. ते त्यांनी मायेनेच केले. त्या काळी घरोघरी तेच होत असे, आणि दुर्दैवाने आजही कित्येक घरी होते. कानाच्या पडद्याला छिद्र असता वरून सोडलेले तेल किंवा पाणी थेट आतल्या कानाघरात उतरते व जंतूंना बरोबर घेऊन जाते. वाहणाऱ्या कानात तेल घालू नये, काडी, केसांची पिन वा किल्ली घालू नये, कापसाने बाहेरूनच टिपून घ्यावे आणि डॉक्टरांकडे जावे, हे आम्हास फार उशिरा कळले. मुलांच्या कानशिलात मारणे हेही तितकेच वाईट. कानावर बसलेल्या एका चपराकीने पडदा फाटू शकतो.

आमचा कान पुढे पावसाळा आला की वाहावा आणि उन्हाळा आला की कोरडा पडावा, असा पन्नासएक वर्षे चालला. त्या कानाने कमी ऐकू येई. पण डावा कान ठणठणीत होता, आणि एका कानावर मनुष्याचे निभते, अशी आमची समजूत होती.

त्या समजुतीवर आम्ही कसा व्यवहार केला, तेही सांगितले पाहिजे. आम्ही एका खाजगी पेढीत हिशेबनीस होतो. घरून कचेरीपर्यंत जाण्यायेण्याचा सिटी बसचा प्रवास रोज दोन तासांचा. १९७९ साली जपानात सोनी कंपनीचा वॉकमन निघाला आणि काही वर्षांनी तसली यंत्रे आमच्या अबिद रोडच्या दुकानांतूनही मिळू लागली. आम्ही एक घेतले. पुढे यंत्रे बदलली. कॅसेट गेली, मोबाइल आला. पण डाव्या कानातले बोंड तेच राहिले. उजवा कान वाहता, म्हणून त्यात काही घालावयाचे नाही, इतकी अक्कल होती. एकाच कानाने ऐकावयाचे, त्यात बसचा खडखडाट, कर्ण्यांचा कलकलाट, कंडक्टरची शिटी. तेव्हा आवाजाचे बटण आम्ही शेवटच्या टोकापर्यंत नेत असू. तीस वर्षे हा क्रम चालला. त्यात काही चूक आहे असे आमच्या स्वप्नातही आले नाही.

डोक्यावर लावून ऐकण्याचे यंत्र मुळात करमणुकीसाठी नव्हतेच. १९१० साली नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात तयार केलेली यंत्रे अमेरिकेच्या आरमाराने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतली. क्षीण आवाज कानाशी आणून स्पष्ट करणे, एवढाच त्यांचा हेतू. क्षीण आवाज ऐकण्यासाठी निघालेल्या साधनाने आम्ही मोठ्यात मोठा आवाज कानात ओतू लागलो.

२०२४ च्या आरंभी उजव्या कानाचे वाहणे इतके वाढले की, मुलाने आम्हास बळेच शहरातील एका इस्पितळात नेले. तेथील कानाच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, एका बंद खोलीत बसवून दोन्ही कानांची श्रवणचाचणी घेतली आणि पडद्याचे छिद्र बुजवण्याची लहानशी शस्त्रक्रिया सुचवली. चाचणीचा कागद त्यांनी आमच्या हाती दिला. त्यावर रेघा होत्या, आकडे होते. आम्ही तो घडी घालून पिशवीत ठेवला. सगळे लक्ष उजव्या कानाकडे होते. कागदावर डाव्या कानाचीही एक रेघ आहे, हे आम्ही पाहिलेच नाही. वाचकांनी हा कागद लक्षात ठेवावा.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. बाहेरच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची. तिच्या शेवटी पडदा. त्याचा व्यास सुमारे एक सेंटिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी. पडद्यामागे हवेची लहान खोली, तीत हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन हाडे. रिकीब हे आपल्या शरीरातील सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. त्यापलीकडे शंखासारखी वळणे घेतलेली पोकळी, तीत द्रव आणि सूक्ष्म केसांच्या हजारो पेशी. पडदा हलतो, हाडे हलतात, द्रवात लाटा उठतात, त्या केसांना झुकवतात, आणि तेथून पुढे मज्जातंतूवाटे ध्वनी मेंदूला पोहोचतो. आमचा बिघाड पहिल्या दारातच होता. कानशिलाच्या स्नायूवरील पातळ पापुद्रा काढून तो छिद्रावर लावावयाचा. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन आणि झोलनर या शल्यविशारदांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कानाच्या या डागडुजीला शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि पुढे हा पापुद्रा वापरण्याची रीत पडली.

आम्ही म्हणालो, "म्हणजे आंब्याचे कलम बांधतात तसे." डॉक्टर म्हणाले, "अगदी तसेच. कलम बांधणे माझे काम. ते जगवणे तुमचे."

भूल पुरी न देता कानाभोवती सुई टोचून जागा बधिर केली होती, त्यामुळे शस्त्रक्रिया चालली असता डॉक्टरांचे बोलणे आम्हास झापडीत ऐकू येत होते. भुलेशी आमच्या हैदराबादेचा जुना संबंध आहे. १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म कितपत निर्धोक आहे हे पाहण्यासाठी निजाम सरकारच्या खर्चाने येथे दोन चौकशी मंडळे बसली. येथील डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे पुढारी. दुसऱ्या मंडळासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. त्याच काळात येथील वैद्यकशाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते. श्वासावर लक्ष ठेवले की क्लोरोफॉर्मपासून हृदयाला भय नाही, असा निर्वाळा मंडळाने दिला, आणि पुढे तो चुकीचा ठरला. शेकडो प्रयोग करणाऱ्या विद्वानांचीही खात्री फसते. मग आमच्यासारख्या हिशेबनिसाची काय कथा!

शस्त्रक्रियेनंतर कानामागे टाके, डोक्याला पट्टा, आणि कानाच्या नळीत औषधाने भिजवलेला विरघळणारा स्पंज, असा आमचा थाट होता. त्यामुळे एक गंमत झाली. स्वतःचाच आवाज उजव्या कानात घुमू लागला. पापड खाल्ला तरी दगड फुटल्यासारखे वाटे. वाचकांनी एका कानात हलकेच बोट घालून हुंकार देऊन पाहावा. बंद केलेल्या कानातच तो मोठा वाटेल. आवाज हाडांतूनही आत जातो, आणि बाहेरची वाट बंद झाली की तो आत कोंडतो.

घरी निघताना सूचनांचा कागद मिळाला. त्यातील प्रत्येक सूचनेमागचे कारण आम्ही विचारून घेतले होते. नाक जोराने शिंकरू नये. कारण नाकाच्या मागून कानाच्या खोलीपर्यंत एक बारीक नळी जाते आणि तिच्यातून चढलेली हवा कोवळे कलम आतून उचलते. शिंक आली तर तोंड उघडून शिंकावे. सूनबाईंनी लाल मिरचीची फोडणी दिली की आम्ही आ वासून बसत असू, आणि नातू पोट धरून हसे. स्नान करताना व्हॅसलीन लावलेल्या कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा, पाणी आत जाऊ देऊ नये. जड वजन उचलू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज विमानात बसू नये. त्या कुशीवर निजू नये. आणि शेवटी: कानात काहीही घालू नये.

या शेवटच्या वाक्यानेच आमचा घात केला. म्हणजे वाक्याने नव्हे, आम्ही त्याचा जो अर्थ लावला त्याने. 'काहीही' म्हणजे काडी, पिन, कापूस, तेल. इअरफोन ही काही कानात घालावयाची 'वस्तू' आहे, असे आमच्या मनाने मानलेच नाही. चष्मा डोळ्यात घातला असे कोण म्हणतो? इअरफोनचे नाव घेऊन डॉक्टरांना विचारले असते तर एका शब्दात उत्तर मिळाले असते. आम्ही विचारले नाही.

शस्त्रक्रियेचा बारावा दिवस. टाके निघाले होते, दुखणे थांबले होते. नातवाची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. तो बाहेरच्या खोलीत अभ्यास करता करता तेथेच झोपला होता. दोन दिवसांपूर्वी अक्काला थंडीताप भरल्याचे कळले होते, आणि त्या दिवशी दिवेलागणीचा तिचा निरोप आला नव्हता. रात्री साडेअकराला मोबाइल थरथरला. आवाज मोठा करावा तर घर जागे होणार. उठून गच्चीवर जावे तर थंडी. आम्ही डाव्या कुशीवर निजलेले, म्हणजे चांगला कान उशीत दबलेला आणि शस्त्रक्रियेचा कान वर. हात आपोआप उशाशी गेला. इअरफोनचे बोंड आम्ही उजव्या कानात हलकेच बसवले; नीट ऐकू येईना म्हणून थोडे आत दाबले.

अक्का म्हणत होती, "आरं बाबा, काळजी नको करू. ताप उतरलाय. म्या पेज घेतली. तू तुझा कान सांभाळ, बरं का."

तो निरोप आम्ही तीनदा ऐकला. जिवाला बरे वाटले, आणि बोंड कानातच ठेवून केव्हा झोप लागली ते कळले नाही.

सकाळी ते ओढून काढले तेव्हा ओलसर होते आणि त्याला आतल्या स्पंजाचा तांबूस तुकडा चिकटून आला होता. आम्ही ते पुसून ठेवले आणि कोणाजवळ बोललो नाही. पंधराव्या दिवशी कानाला घाण वास येऊ लागला, ठणका सुरू झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा डॉक्टरांपुढे बसलो. बाहेर भिंतीवर ३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनाचे मोठे चित्र लावलेले होते आणि त्यात एक मुलगा नेमका कानात इअरफोन घालून हसत होता.

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली कान कोरडा केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारले, "कानात काय घातले होते?" खोटे बोलण्याची छाती झाली नाही.

ते रागावले नाहीत. त्यांनी सांगितलेले आम्ही येथे मांडतो, कारण यातच या लेखाचा उपयोग आहे. घरातले बोलणे किंवा माफक आवाजातला निरोप यांनी कलम फाटत नाही. ध्वनीचे भय त्या मानाने कमी. भय आहे ते वस्तूचे. बोंड नळीत बसले की बूच लागते. आत ऊब आणि ओल कोंडते, आणि जखमेच्या कोवळ्या त्वचेवर जंतूंना त्याहून चांगली जागा दुसरी नाही. बोंड आत दाबताना हवा पडद्यावर रेटली जाते, ओढून काढताना ती उलट ओढली जाते. कलम दोन्हीकडून हलते. शिवाय हाताळलेले, खिशातले, एकमेकांना दिलेले बोंड किती स्वच्छ असणार? कानावरून बसणारे मोठे हेडफोन घ्यावेत तर त्यांची गादी कानामागच्या जखमेवर दाबते. हाडांतून ऐकवणारी नवी यंत्रे नळी मोकळी ठेवतात हे खरे, पण तीही कानाजवळ दाबून बसतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीसुद्धा नकोत. त्या रात्रीनेच हा जंतुसंसर्ग झाला असे शपथेवर सांगता येत नाही, असेही ते म्हणाले. संसर्ग त्यावाचूनही होतो. परंतु कलमाची एक कड उचलली गेली होती, हे मात्र पडद्यावर त्यांनी आम्हास दाखवले.

आंब्याचे कलम बांधल्यावर त्याला जीव फुटला की नाही हे पाहण्यासाठी रोज ते हलवून पाहणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? आम्ही तेच केले होते.

मग औषधाचे थेंब, आठवड्या-आठवड्याला कान कोरडा करणे आणि वाट पाहणे. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल की काय या काळजीत आम्ही दिवस काढले. खर्चाची काळजी मुलाच्या तोंडावर दिसे, पण तो बोलत नसे. आठव्या आठवड्यात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र उरले होते. मे महिन्यात ते आपोआप भरून आले. आम्ही सुटलो.

त्या मे महिन्यातच पुन्हा श्रवणचाचणी झाली. उजव्या कानाची रेघ वर चढली होती. आम्ही आनंदाने उठू लागलो तेव्हा डॉक्टरांनी खूण करून बसवले. जुना कागद आणि नवा कागद त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि डाव्या कानाच्या रेघेवर बोट ठेवले. दोन्ही कागदांवर ती सारखीच होती. डावीकडून सरळ येई, आणि उंच स्वरांच्या बाजूला, चार हजारांच्या आकड्यापाशी, एकदम खड्डा पडे.

"हा तुमचा चांगला कान," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी विचारले, "आवाज येतो पण शब्द कळत नाही, असे होते का?" होत होते. नातवाचे भराभर बोलणे, सूनबाईंचा बारीक आवाज, गर्दीतले बोलणे. आवाज येई, पण स, श, फ यांसारखी अक्षरे गळून जात. आम्ही समजत होतो की हल्लीची माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात! अक्काच्या निरोपातलेही काही शब्द निसटत, आणि म्हणूनच आम्ही तो दोनतीनदा ऐकत असू व दर वेळी आवाज वाढवत असू. उंच स्वर टिपणारे शंखातले केस बऱ्याच अंशी मेलेले होते. यात वयाचा वाटा किती आणि बसमधल्या तीस वर्षांचा किती, हे निवडून सांगता येत नाही. परंतु असा खड्डा मोठ्या आवाजाची खूण समजला जातो.

आम्ही विचारले, "याला कलम नाही का?"

"पडद्याला आहे," ते म्हणाले. "या केसांना नाही. माणसाच्या कानात ते एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत."

असा हा हिशेब. ज्या कानाचे आयुष्यभर भय बाळगले, तो पापुद्र्याच्या एका तुकड्याने बरा झाला. ज्याच्यावर भरवसा ठेवला, तो आमच्याच हाताने गेला होता. आणि त्याचा पुरावा आमच्याच कपाटात तीन महिने घडी घालून पडला होता. आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या, पण स्वतःची जमाखर्चाची पाटी वाचली नाही.

आता वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांच्या कानाची लहान शस्त्रक्रिया झाली आहे, मग ती पडद्याची असो वा आतील पाणी काढण्यासाठी पडद्यात बारीक नळी बसवण्याची, त्यांनी इअरफोनचे नाव घेऊनच डॉक्टरांना विचारावे. आम्हास आठ आठवडे सांगितले गेले. दुसऱ्यास निराळी मुदत मिळेल, कारण मुदत दिनदर्शिकेवरून ठरत नाही, कान आतून पाहून ठरते. तोवर मोबाइल मेजावर ठेवून त्याच्याच आवाजावर ऐकावे. एखादा निरोप अगदी खाजगीच असेल तर दुसऱ्या कानाशी मोबाइल धरावा, आवाज मात्र लहान ठेवावा. एक कान बंद असला की हात आवाज वाढवण्याकडे जातो. आणि मग दुरुस्त होत असलेल्या कानाचे दुखणे धडधाकट कानाला भोगावे लागते. कान पुन्हा वाहू लागला, ठणका लागला, चक्कर आली, किंवा ऐकू येणे एकाएकी कमी झाले, तर आमच्यासारखे तीन दिवस गप्प बसू नये.

परवानगी मिळाल्यावरही बोंड खोल दाबू नये, ते कोरड्या फडक्याने पुसावे, दुसऱ्याचे घेऊ नये, स्वतःचे देऊ नये, आणि कानात ठेवून निजू नये. जमल्यास कानावरून बसणारे घ्यावेत. आवाज किती ठेवावा? जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब घालून दिला आहे. ८० डेसिबल आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तास ऐकला तरी चालतो; लहान मुलांसाठी ती मर्यादा ७५. परंतु डेसिबलचे मोजमाप आपल्या शेर-पायलीसारखे नाही. दर तीन डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून ऐकण्याची मुदत निम्मी करावी लागते. ९० वर ती आठवड्याला चार तास उरते, आणि १०० वर अवघी वीस मिनिटे. आम्ही रोज दोन तास बटण टोकाला नेऊन बसत होतो. मुदत कोणत्या दिवशी संपत असेल, हे वाचकांनीच काढावे. बटण साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये, हा सोपा नियम. बसमध्ये, ट्रॅक्टरवर, गिरणीत त्या आवाजात ऐकू येत नसेल, तर तेथे ऐकूच नये. वाढवणे हा उपाय नव्हे.

आमच्या घरी त्या आठ आठवड्यांत एक गोष्ट घडली, ती अजून टिकून आहे. अक्काचा निरोप दिवेलागणीला मेजावरून मोठ्याने वाजू लागला. आजवर तो केवळ आमचा होता. बाकीच्यांना अक्का म्हणजे भिंतीवरचा फोटो. सूनबाई तेलुगू माहेरच्या, पण त्या हातातले काम ठेवून ऐकू लागल्या. नातवाने पहिल्यांदा विचारले की हरभरा 'निघतो' म्हणजे कोठून निघतो. आता त्याचेच निरोप गावी जातात, आणि अक्का त्याच्या मराठीला हसते, तेही आम्हा सर्वांना ऐकू येते. ज्या शब्दाला आमचा कान चुकतो तो सूनबाई पुन्हा सांगतात.

नातू आता बसने कॉलेजास जातो. त्याच्या कानात अर्थातच इअरफोन असतात. आम्ही त्याला व्याख्यान दिले नाही. फक्त ते दोन कागद त्याच्यापुढे ठेवून डाव्या कानाचा खड्डा दाखवला. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी स्वतःचे यंत्र घेऊन आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "आजोबा, एवढा आवाज चालेल का? ऐकून सांगा."

आम्ही मोबाइल डाव्या कानाशी नेला. काहीतरी पुटपुटल्यासारखे वाटले, शब्द एकही कळला नाही. आम्ही तो त्याला परत दिला.

"आमच्या कानाला विचारू नकोस, बाळ," आम्ही म्हणालो. "यंत्रावर आकडा दिसतो, तो पाहा."